क्रांजीच्या भिंतीवर मारुती कदम

आजीने फोनवर एकच अट घातली होती. "सापडलं तर दाखव. नाही सापडलं तर मान खाली घालून घरी जायचं नाही, परत शोधायचं." माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, साताऱ्यात मावशीकडे राहते, आणि तिचं बोलणं नेहमीच ऑर्डर सोडल्यासारखं असतं.

शोधायचं होतं तिच्या वडिलांचं नाव. मारुती कदम, इंग्रजांच्या फौजेत लॉरी ड्रायव्हर. आजी पोटात असताना ते बोटीने सिंगापूरला आले, ते परत गेलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि गावात कुणीतरी पुडी सोडली की मारुती पळाला, तिकडे दुसरी बायको करून बसलाय. पणजीला सासरच्यांनी माहेरी धाडलं. तिने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, आणि आजी शाळेत 'पळपुट्याची पोर' हे ऐकत मोठी झाली.

आम्हाला इथे येऊन अकरा वर्षं झाली. वन-नॉर्थला माझी अकाउंट्सची नोकरी, जुरोंग ईस्टला फ्लॅट. पाहुण्यांना घेऊन सेंटोसा बेटावर आठ वेळा तरी गेले असेन. क्रांजीच्या सैनिकांच्या दफनभूमीत फक्त एकदा, गेल्या वर्षी, आणि हात हलवत परत आले. तेव्हा चूक माझीच होती, पण ते मला या खेपेला कळलं.

जायचं असेल तर सोपं आहे. जुरोंग ईस्टहून एमआरटी मेट्रोची लाल लाइन, गाडी बदलायची नाही, साधारण वीस मिनिटं. क्रांजी स्टेशनवरून बस घ्या किंवा मोठ्या रस्त्याच्या कडेने पंधरा मिनिटं चाला. प्रवेश फुकट. छत्री आणि पाणी विसरू नका, टेकडीवर सावली फारशी नाही आणि खायला काहीच मिळत नाही. म्हणून मी आणि माझी बारा वर्षांची लेक ईरा, आधीच हॉकर सेंटरमध्ये काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला टोस्ट, खाऊन निघालो.

"गेल्या वर्षी सापडलं नाही. अगेन फॉर व्हॉट, लाह?" ईरा गाडीत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"तुझ्या पणजीने सांगितलंय म्हणून."

माझ्या आजीला सगळे टरकतात.

या टेकडीवर जपान्यांनी कैद्यांचा कँप केला होता. आता पांढऱ्या दगडांच्या ओळी आणि गवत. जिथे माणसांना मूठभर भातावर जगवलं, तिथलं गवत इतकं नीटनेटकं कापलेलं बघून मला आधी चक्क रागच आला. एक माळी मशीन बंद करून आम्ही पुढे जाईपर्यंत थांबला, तेव्हा त्या रागाची लाज वाटली. ज्यांना कबर किंवा राख मिळाली नाही, त्यांची नावं वर टेकडीच्या माथ्यावर भिंतींवर कोरली आहेत. हजारो नावं. कोणतं कुठे आहे ते बघायला खाली प्रवेशाजवळ जाडजूड नोंदवह्या ठेवल्या आहेत.

मी वही उघडली आणि गेल्या वर्षीसारखीच 'के'ची पानं काढली. कदम एकही नाही. पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं.

"आई, 'के' का बघतेस? माझ्या क्लासच्या रजिस्टरमध्ये प्रिया 'पी'मध्ये असते."

"प्रिया तमिळ आहे. ते आडनाव लावत नाहीत, बाबांचं नाव लावतात."

"सो? आर्मीवाल्यांना काय माहीत, कोण आडनाव लावतं ते?"

उभ्या आयुष्यात सगळ्या याद्या आडनावाने लावल्या मी. फौजेतल्या कारकुनाने पहिलं नाव धरलं असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. 'एम' काढला. मारुती बरेच होते. एकेकावर बोट ठेवत गेले आणि एका ओळीवर थांबले. मारुती कदम, ड्रायव्हर. बापू कदम यांचा मुलगा. सोनाबाई यांचा नवरा. पुढे आमचं गाव, जिल्हा सातारा.

सोनाबाई म्हणजे माझी पणजी.

तारीख युद्ध संपायच्या काही महिने आधीची होती. म्हणजे शरणागतीनंतर हा माणूस तीन वर्षं कैदेत जगला आणि इथेच गेला. पळाला म्हणे! मृत्यूची खबर देणारा फौजेचा एखादा कागद गावातही गेलाच असणार. तो कुणी दाबला हे आता कळायचं नाही, पण ज्याने दाबला त्याला माफ करायचा मोठेपणा माझ्यात नाही.

वहीत दिलेल्या नंबरची भिंत वर जाऊन गाठली आणि आजीला व्हिडिओ कॉल लावला. ईराने नावाखाली बोट धरलं आणि मोबाइलमध्ये काढलेला वहीचा फोटो आपल्या अडखळत्या मराठीत करून वाचला.

"परत वाच," आजी म्हणाली.

ईराने परत वाचलं. "सोनाबाई यांचा नवरा."

आजी म्हणाली, "ठेव फोन. आंघोळ करून येते."

ईराला समजेना. मी सांगितलं, आपल्याकडे माणूस गेल्याची बातमी उशिरा कळली, तर कळल्याबरोबर डोक्यावरून आंघोळ करतात.

"बट एटी इयर्स ऑलरेडी."

"तिला आज कळलं ना."

मी तिथेच भिंतीला टेकून रडले. ईरा माझ्यावर छत्री धरून उभी राहिली.

घरी पोचून कुकर लावत होते तोवर आजीचा व्हिडिओ कॉल आला. ओले केस, डोळे लाल. म्हणाली, "तो वहीचा फोटो मोठा करून आण, खाली मराठीत लिहून. डिसेंबरात चुलतभावाच्या नातवाचं लग्न आहे गावी. मला घेऊन चल."

"आजी, तुला टोचून बोलणारं आता कोण उरलंय तिथे?"

"नसेना. त्यांची नातवंडं असतील की. मी उभी राहून वाचणार, सगळं, आईच्या नावासकट." मग तिने विचारलं, "मांडवात माईक असतो ना गं?"

तिकिटं मी त्याच संध्याकाळी काढली.