चार तासांत बनवलेलं मत

जसिंता तुस्कानोला राग यायला कारण लागायचं नाही, निमित्त पुरायचं. मस्कतच्या माबेला भागातल्या तिच्या इमारतीत कोणी जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवली, की तिसऱ्या मजल्यावरून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि तळमजल्यावर शिवणकाम करणारी कुबरा मशीन थांबवून ऐकत बसायची. पण बाई नुसती तोंडाळ नव्हती. बावीस वर्षांपूर्वी वसईहून ती मस्कतच्या एका हॉटेलात इस्त्री करायला आली, आणि आज त्याच कंपनीच्या सगळ्या हॉटेलांच्या लाँड्र्या तिच्या हाताखाली होत्या. चादरीवर बोटभर सुरकुती दिसली तर ती चादर परत जायची, मग पाहुणा खोलीच्या दारात उभा का असेना. या कडकपणामुळेच आपण वर चढलो असं तिला वाटायचं, त्यामुळे त्याला आवर घालायचा प्रश्नच नव्हता.

फेब्रुवारीत कंपनीने दार एस सलाममध्ये एक जुनं हॉटेल घेतलं. ऑपरेशन्सचा प्रमुख क्षितिज राजवाडे, पुण्याचा, छत्तिशीचा, आवाज कधीही न चढवणारा. त्याने जसिंताला अल् खुवैरच्या ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, तीन आठवडे जाऊन या. तिथल्या लाँड्रीत अकरा बायका आहेत. त्या ठेवायच्या की इथून टीम पाठवायची, एवढंच सांगा. आणि पोचल्या दिवशीच मला फर्स्ट इम्प्रेशन पाठवा. ते फ्रेश असतं."

मग इमारतीतल्या लोकांच्या सल्ल्यांना ऊत आला. बांगड्या काढून ठेव, गाडीची काच खाली करू नकोस, बाहेरचं खाऊ नकोस, सामान कुलपात ठेव. हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही आफ्रिकेत पाऊल ठेवलं नव्हतं. कुबरा तेवढी वेगळं बोलली. तिची आजी झांझिबारहून ओमानला आलेली, घरात अजून स्वाहिली चालते. "दीदी, उधर पहले हालहवाल पूछना, बाद में काम बोलना," ती म्हणाली. जसिंताने हो हो केलं आणि बॅगेची चेन लावली.

दार एस सलामच्या विमानतळाबाहेर ती सकाळी दहाला आली तेव्हा अंगाला कुर्ता चिकटला होता. हवा दमट, खारट, अगदी वसईची. रस्त्याच्या कडेला नारळाची झाडं, केळीच्या बागा, कैऱ्यांच्या फोडींना मीठ-तिखट लावून विकणाऱ्या बायका, आणि आपल्याकडच्याच तीनचाकी रिक्षा. बघून कोणालाही बरं वाटलं असतं. हिला नाही वाटलं. आठवडाभर कानात भरलेली भीती एकीकडे आणि हे घरच्यासारखं दिसणारं गाव दुसरीकडे, यांचा मेळ बसेना आणि त्याचाच तिला राग यायला लागला. चौकात गाडी थांबली की ती बांगड्या काढलेले मोकळे हात ओढणीत लपवून बसायची. ड्रायव्हरने दोनदा हसून काहीतरी विचारलं. तिने खिडकीबाहेर बघितलं.

दोन वाजता ती लाँड्रीत शिरली तेव्हा पाळी बदलत होती. जाणाऱ्या बायका आणि येणाऱ्या बायका मशीनपाशी घोळका करून उभ्या. एक बोलतेय, बाकीच्या माना डोलावतायत, मधेच हसतायत, एकीने दुसरीचा हात हातात धरलाय. ओल्या चादरींचा ढीग तसाच पडलेला. जसिंताने घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली, आठ झाली, दहा झाली. तिने टाळ्या वाजवल्या. "यल्ला, यल्ला! चला, काम!"

सगळ्या तिच्याकडे वळल्या. साठीकडे झुकलेली एक उंच बाई पुढे आली, दोन्ही हातांनी जसिंताचा हात धरून इंग्रजीत म्हणाली, "मी रेहेमा. तुमचा प्रवास कसा झाला? घरी सगळे बरे आहेत?" जसिंताने हात सोडवून घेतला आणि चादरींकडे बोट दाखवलं. बारा मिनिटं फुकट गेली होती.

तिथेच उभ्या उभ्या तिने क्षितिजला फोनवरून लिहिलं. बायका आळशी आहेत. शिस्त नाही. कामाच्या वेळात गप्पा मारतात, सांगितलेलं ऐकत नाहीत. यांना सुधारण्यापेक्षा नवी टीम आणलेली बरी. उतरून जेमतेम चार तास झाले होते. दोन मिनिटांत क्षितिजचा अंगठा आला, आणि जसिंताला फार बरं वाटलं.

तीन दिवस तिने कसेबसे काढले. चौथ्या दिवशी पाळी बदलताना ती दारातच उभी राहिली आणि गप्पा बंद केल्या. आलेल्यांनी थेट मशीनवर जायचं, सुटलेल्यांनी थेट बाहेर. रेहेमा काहीतरी सांगू पाहत होती. "लेटर, लेटर," जसिंता म्हणाली. वीस मिनिटांनी झुहुरा नावाच्या पोरसवदा बाईचा हात चादरी सरळ करणाऱ्या रोलरवर भाजला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलवटून निघाली. रोलर सकाळपासून नको तेवढा तापत होता. हे सकाळच्या पाळीला माहीत होतं, आणि ते सांगायची जागा म्हणजे तीच बारा मिनिटं होती. कोणतं मशीन रुसलंय, कोणाच्या पाठीत चमक आहे, कोणाचं लेकरू तापाने फणफणलंय, हे ऐकूनच रेहेमा त्या दिवशी कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवायची. हालहवाल विचारण्यातच त्यांच्या कामाची वाटणी व्हायची, आणि या बावीस वर्षांच्या अनुभवी बाईला ते दिसलं नव्हतं. डोळे फुटले होते तिचे, दुसरं काय!

रेहेमा तिला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता घोळका पुन्हा जमला, आणि या वेळी रेहेमाने जसिंतालाच आधी विचारलं, "झोप लागली का?" जसिंता नाही म्हणाली, आणि तिला तिथेच रडू फुटलं. त्यानंतर ती रोज त्या घोळक्यात उभी राहिली. अकरा जणींची नावं शिकली, त्यांच्या डब्यातली चपाती खाल्ली, झुहुराच्या घरी जाऊन आली. शेवटच्या पंधरा दिवसांत एकही चादर परत धुवायला गेली नाही. मस्कतमध्ये हे तिला कधी जमलं नव्हतं. गुरुवारी सकाळी निघताना बायकांनी तिच्या खांद्यावर खांगा, तिथली रंगीत सुती ओढणी, घातला आणि ती मस्कतच्या विमानात बसली.

रविवारी सहा पानांचा अहवाल घेऊन ती क्षितिजसमोर बसली. त्याने तो चाळला, बाजूला ठेवला.

"छान लिहिलंय मॅडम. पण पत्रं गेली. गुरुवारी दुपारीच दिली त्यांना. अकराही जणींचे करार आपण पुढे वाढवत नाहीयोत."

"कोणाला विचारून?"

"तुम्हालाच विचारून की." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पत्रात तिचे पहिल्या दिवशीचे शब्द जसेच्या तसे होते, आळशी, शिस्त नाही, सांगितलेलं ऐकत नाहीत, आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव. शिवाय हॉटेलच्या अपघात-नोंदीवरून घेतलेली एक ओळ जास्तीची होती. कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे मशीनवर अपघात झाल्याचेही आढळले.

जसिंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निष्काळजीपणा त्यांचा? अरे, तो माझा होता! पान चारवर लिहिलंय मी, माझ्या हुकमामुळे ती पोरगी भाजली. वाचायला येतं ना तुला?"

"मॅडम, शांत व्हा. तीन आठवडे राहिलं की माणूस अटॅच होतो. म्हणून तर मी पहिलं मत धरलं."

"माझं नाव काढ त्यातून! आत्ताच्या आत्ता काढ!"

क्षितिजने लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. "ठीक आहे. सुधारित पत्रं पाठवतो, तुमचं नाव न घालता. मग झालं ना?"

आणि तिला हायसं वाटलं. खरंच वाटलं, पाण्याचा घोट घ्यावा तसं. मग तिला स्वतःचीच अशी किळस आली की ती खुर्चीतून उठली. अकरा बायका रस्त्यावर आल्या होत्या आणि ही नावासाठी भांडत होती.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "त्या बायकांना ठेव. मी सगळ्यांसमोर लिहून देते की मी चुकले."

"खलास, मॅडम. वरून सही झालीये. आता अकरा जणींच्या जागी इथून आठ जणी कोण पाठवायच्या, ती यादी तुम्ही द्या."

"मी नाही देणार. तू दे. नाहीतर मलाही असंच पत्र दे, चार ओळींचं." तिने अहवाल उचलून त्याच्या कीबोर्डवर आपटला आणि दार उघडं टाकून बाहेर पडली. क्षितिज मागून काही बोलला असेल तर तिने ऐकलं नाही.

पार्किंगमध्ये ती गाडीत बसली. एवढ्यात फोन वाजला. रेहेमाचा होता.

"प्रवास कसा झाला? घरी सगळे बरे आहेत?"

"बरे आहेत. झुहुराचा हात?"

"सुकतोय. पत्रं आली आहेत. त्यात तुझं नाव आहे. बायका म्हणतात, तिनेच लिहिलं. मी म्हणते, शक्य नाही, कंपनीने तिच्या नावाने खोटं लिहिलंय. तूच सांग."

हो, खोटं आहे, एवढं म्हटलं की सुटका झाली असती. क्षितिजने तर नाव काढायची तयारीही दाखवली होती. जसिंताने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मीच लिहिलं, रेहेमा. पहिल्या दिवशी. तुमच्यातल्या एकीचंही नाव मला माहीत नव्हतं तेव्हा. तुझा हातसुद्धा मी झटकला होता."

 पलीकडे बायकांची कुजबुज ऐकू येत होती. मग रेहेमा म्हणाली, "तुझ्यासाठी तीन दिवस मी यांच्याशी भांडतेय. आता मला यांची माफी मागायला हवी."

आणि तिने फोन ठेवला.