उभ्यानं घेतलेलं माप

डॉक्टर मॅडमनं बायोप्सीचा रिपोर्ट पुढं ठेवला. बायोप्सी म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासतात ते. "ताई, कॅन्सर आहे. पण लवकर सापडला," त्या म्हणाल्या. मी पहिलं हेच विचारलं, "छाती काढा लागन काय?"

कळंबात तीस वर्षांपासून मी बायांचे ब्लाउज शिवते. आता आपलीच छाती जाईन, या विचारानं मले जेवण जात नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "बहुतेक वेळा आधी ऑपरेशन, मग रेडिएशन. तुम्हाला रेडिएशन आधी देऊ. गाठ आकसली तर तेवढीच काढू." रेडिएशन म्हणजे मशीनमधून गाठीवर सोडलेले किरण. देताना दुखत नाही.

त्याच्या आधी सिम्युलेशन असते. सीटी मशीनवर झोपवतात, हात डोक्यावर घ्यायले लावतात, किरण कुठं पाडायचे ते ठरवतात अन् अंगावर शाईच्या खुणा करतात. खुणा पुसायच्या नाहीत, तेल-साबण लावायचा नाही, हे मले चारदा सांगतलं. गाठ डावीकडं होती, तिच्या खाली काळीज.

नागपुरात धर्मशाळेत राहून पहिला आठवडा काढला. चामडी लाल झाली, थकवा यायचा. मग दिवाळीले घरी आली. पहाटे माही जाऊ उटणं घेऊन मोरीत हजर. "सणाच्या दिवशी कोणी कोरडं राह्यते काय? पाठीलेच लावते." तिचा हात मोठा मायेचा. पाठ चोळता चोळता बगलेखाली गेला, अन् तिथली खूण साफ झाली.

जाऊ रडाले लागली. मी म्हटलं, "रडते कायले? माप घेणं माह्या हातचं हाय." आरशापुढं उभी राह्यली, टेप लावला, राह्यलेल्या खुणांवरून मोजलं अन् पेनानं नवी खूण काढली. मले तर ती मशीनपेक्षा सरस वाटली.

सोमवारी नागपूरले रांगेत बसली अन् सांगू का नको, याचाच विचार करत राह्यली. सांगतलं तर रागावतील, इलाज थांबवतील. नाही सांगतलं अन् किरण भलतीकडं गेले तर? नंबर लागला. मशीनवर चढायच्या आधीच मी टेक्निशियनले म्हटलं, "दादा, ही खूण तुमची नाही, माही हाय."

मॅडम आल्या. मले झोपवून, हात वर करून मोजलं. "ताई, तुम्ही मोजलं नीट, पण उभ्यानं. झोपल्यावर छाती सरकते. दोन बोटं फरक आहे. बरं झालं बोललात." सिम्युलेशन पुन्हा झालं. एक दिवस वाया गेला, बस.

तीस वर्षं बाया उभ्या करूनच माप घेतलं मी. झोपून घ्यायचं मापही असते, हे मले काय माहीत.

किरण संपल्यावर काही आठवडे थांबवलं. गाठ खरंच आकसली होती. ऑपरेशनात तेवढीच काढली अन् रिपोर्टही साफ आला.

बायांनो, डॉक्टरपासून लपवू नका. उटणं लावलं, पाला बांधला, गोळी चुकली, जे झालं ते सांगा. रागावले तर रागावू द्या.

पट्टी निघाली तशी मी आरशात पाह्यलं. डावी बाजू जराशी लहान दिसते, टाक्यांची रेघ हाय. पण माही छाती माह्याजवळ हाय, अन् ती वाचवण्यात डॉक्टरासंगं माह्या तोंडाचाही वाटा हाय. हे मी लाजत सांगत नाही, तोऱ्यात सांगते.