तात्यांचं शेवटचं माप

आमचे मापारी तात्या धान्य मोजताना 'एक' कधी म्हणत नसत. पहिली पायली 'लाभ', मग दोन, तीन. मोजणी सुरू झाली की आकड्याशिवाय दुसरा शब्द नाही. कुणी राम राम घातला तरी नुसती मान हलवायची.

तात्या माझ्या वडिलांचे चुलते. खर्ड्याकडच्या आमच्या गावात खळ्यावर रास पडली की माप घालायला आमच्याच घरचा माणूस लागे, म्हणून आम्ही मापारी. पुढे वजनकाटे आले, काम गेलं, आडनाव तेवढं उरलं. नगरला कॉलेजात मुली विचारायच्या, "मापारी म्हणजे हमाल का गं?" घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मला ते फार लागायचं. पदवीवर नाव छापलं जाण्याआधी आडनाव बदलायचं ठरवलं आणि अर्ज घेऊनच गावी आले. वडील एवढंच म्हणाले, "तात्यांना विचार."

तात्या खळ्यावर होते. दोन भाऊ वेगळे निघालेले, ज्वारीची वाटणी चाललेली. काट्यावर दोघांचाही भरवसा नव्हता, तात्यांवर होता. मी अर्ज घेऊन बांधावर बसले. रास संपत आली आणि तात्यांचा हात थांबला.

"आकडा चुकला माझा. परत मोजावं लागंल."

"ऱ्हाऊ द्या तात्या," थोरला म्हणाला, "एका पायलीनं काय हुतंय?"

"ते धाकल्याला इचार."

दोन्ही वाटे पुन्हा एकात ओतले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस भर उन्हात पहिल्यापासून मोजायला बसला. मोजून झाल्यावर पायली पुसून त्यांनी बाजूला ठेवली. "आता न्हाई मोजायचो मी. ध्यान ऱ्हात न्हाई." कुणी मागितलं नसताना जन्माचं काम त्यांनी खाली ठेवलं.

वाटेत मी अर्जाचं सांगितलं. तात्या चालता चालताच म्हणाले,

"बदल की. तुझी मर्जी. पर पोरी, मगाशी मी गप बसलो असतो तर आपलं नाव तितंच गेलं असतं. त्येला कागूद कशाला लागतोय?"

अर्ज मी भरला नाही. पदवी हातात आली तेव्हा ती दाखवायला तात्या नव्हते. तिच्यावर मापारी असंच छापलंय.

आता मी शाळेत शिकवते. पेपरच्या गुणांची बेरीज चुकली की वर्गात उभं राहून तसं सांगते आणि सगळा गठ्ठा पुन्हा तपासायला घेते. पोरं हसतात. हसू देत.