चाक खलास

कुवेतमधल्या एका विद्यापीठात मी लायब्ररीत कारकून होतो. तिथे चहाची गाडी फिरवणारे आमचे रत्नागिरीचे चाचा सदा सगळ्या जगावर वैतागलेले. कुणी जास्त साखर मागितली की म्हणत, "शुगर होऊन मरशील!"

एकदा काही विद्यार्थ्यांनी कॅन्टीनबाहेर गर्भपाताविरुद्ध प्रदर्शन लावलं. गर्भांचे दाराएवढे फोटो! रोज तीन चमचे साखर घेणारी एक पोरगी त्या फोटोंपुढे थबकली आणि चहा न घेताच, तोंडावर हात ठेवून पळाली.

दुसऱ्या दिवशी चाचांची गाडी बरोबर सगळ्यात मोठ्या फोटोपुढे, तो झाकून उभी. प्रदर्शनवाली पोरं गाडी हटवा म्हणून ओरडली, तर चाचा म्हणाले, "चाक खलास!"

प्रदर्शन उठलं, तशी गाडी एका बोटाने हलली. ती पोरगीही चहाला आली. चाचांनी न विचारता चौथा चमचा टाकला आणि तिची पाठ वळताच कुरकुरले, "मेलीने शुक्रान, थँक्यूसुद्धा म्हटलं नाही."