सुझुकी, कमळू आणि मालूचा हात

किन्हवलीच्या नाक्यावर माझं सीट कव्हरचं दुकान आहे. दुकान म्हणजे डोक्यावर पत्रे, एक शिलाई मशीन आणि रेक्झिनचे गठ्ठे. शेजारी तसेच पत्रे कमळूचे. मध्ये भिंत नाही, नुसती ताडपत्री. त्यामुळे त्याचं सगळं मला ऐकू येतं आणि माझं सगळं त्याला ऐकू यायचं.

मी, महिपत, तापट आहे असं लोक म्हणतात. आहेच. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल दिवसभर तुमच्या कानाशी भुंकत राहिली तर तुम्ही काय भजन म्हणाल? पण कमळूवर मी कितीही ओरडलो तरी तो हसायचा आणि चहा सांगायचा. अशा माणसाशी भांडण टिकत नाही. मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला.

कमळू डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. तरुणपणी कल्याणला एका गॅरेजात राबला आणि नव्वद सालानंतर कधीतरी इथे येऊन बसला. नव्या गाडीला तो हात लावायचा, पण त्याचा जीव जुन्या जपानी गाड्यांत. यामाहा, सुझुकी, कावासाकी. आमच्या भागातल्या कंपनीत लागलेल्या लोकांनी त्या कधीकाळी हौसेने घेतल्या होत्या. मग कोणाची नोकरी गेली, कोणाला कमी पेट्रोल पिणारी नवी गाडी मिळाली, आणि या गाड्या गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. शेवटी मुरबाडचा भंगारवाला टेम्पो घेऊन यायचा, तेव्हा कमळू मध्ये पडायचा. "अरे, जिती हाय ती. दे माझ्याकं."

गाडी देणाऱ्याकडे पैसे नसायचे आणि कमळूकडे तर नसायचेच. म्हणून नवा पार्ट ही गोष्ट तो शेवटच्या नाइलाजालाच आणायचा. टाकीतला गंज काढायला टाकीत चिंचेचं पाणी आणि बारीक खडी घालून ती तासन् तास हलवायची. जाम झालेल्या पिस्टनवर मोहाच्या बियांचं तेल सोडायचं आणि वाट बघायची. वाट बघण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. इंजिनाच्या झाकणाखाली बसवायचं पॅकिंग तो लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून कापायचा. नाक्यावरची सगळी घरं लग्न उरकलं की उरलेल्या पत्रिका त्याच्याकडे आणून टाकायची. गणपतीचं चित्र मात्र तो कात्रीने वेगळं काढून खांबाला चिकटवायचा. त्या खांबावर इतके गणपती झाले होते की एसटीतून उतरलेला माणूस आधी हात जोडायचा.

पण त्याचं खरं काम शेवटी असायचं. गाडी जोडून झाली, चालू झाली, की कमळू डोळे मिटायचा आणि हात वर करायचा. म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. मग कार्बोरेटरचा बारीक स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे. इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मागून एक बारीक, किणकिणता आवाज येतो. तो आवाज राहू दिला तर गाडी नाक्यावर छान चालते आणि लांबच्या चढावर तापून सीझ होते, म्हणजे पिस्टन आतच अडकतो. कमळू तो किणकिणाट कानाने शोधून काढायचा आणि घालवायचा. ते बघायला लोक चहाचे कप घेऊन उभे राहायचे. मीसुद्धा मशीन थांबवायचो, पण ते त्याला कळू द्यायचो नाही.

आता मालूचं सांगतो. मालू कमळूची बायको, आणि धवलेरी. त्यांच्या लोकांत लग्न लावायला भटजी लागत नाही. धवलेरी धवळे म्हणते आणि लग्न लागतं. हळदीपासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी तिच्या तोंडात. ती पुढे म्हणते, बाकीच्या बायका मागून म्हणतात, आणि सूर चढवायचा की उतरवायचा हे ती हाताने दाखवते. कमळूने तिला पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्याच कोणाच्या तरी लग्नात. गाणं ऐकलं आणि घरी जाऊन आईला म्हणाला, लगीन करीन तर हिच्याशी. हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलंय की ते लग्न मी स्वतः जेवून आलो असं मला वाटतं.

दरवर्षी लग्नाचे दिवस सुरू व्हायच्या आधी मालू घरी सगळे धवळे एकदा म्हणून बघायची आणि कमळू समोर बसून ऐकायचा. प्रत्येक गाणं संपलं की "बेस हाय" म्हणायचा. तेवढं झाल्याशिवाय ती घराबाहेर गायला जायची नाही.

दोन हजार सालाच्या आसपास मला जाणवायला लागलं की कमळू हाकेला ओ देत नाही. आधी मला राग आला. मग मी दोऱ्याचं रीळ फेकून मारायला लागलो, ते लागलं की तो वळायचा. गिऱ्हाइकं मात्र चिडली. बोललेलं ऐकून घेत नाही, कमळूला माज आलाय, असं नाक्यावर बोललं जाऊ लागलं. त्यात शेखर मास्तरची यामाहा माळशेजच्या चढावर सीझ झाली. कमळूने ती नुकतीच करून दिली होती. त्याने पदरचं घालून ती पुन्हा दुरुस्त करून दिली. पुढच्या महिन्यात आणखी एकाची कावासाकी तशीच बंद पडली, बायकापोरांसकट. लोक आपल्या गाड्या शहापूरला न्यायला लागले. कमळूच्या पत्र्याखाली पहिल्यांदाच मोकळी जागा दिसायला लागली.

एकदा दुपारी मी ताडपत्री बाजूला केली आणि त्याच्यासमोर बसलो. "काय रे, कान गेले काय तुझे?"

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. मग मान खाली घातली.

"जाड आवाज येतो," तो म्हणाला. "ट्रक कळतो, तुझं वरडणं कळतं. बारीक हाय तो नाय येत. कल्याणच्या डाक्टरला दावला. तो बोलतो, या गाड्यांनीच खाल्लेत कान. गेला तो परत नाय यायचा."

"मालूला सांगितलंस?"

"नाय. आन् तूही बोलायचा नाय."

"का पण?"

तो स्पॅनर पुसायला लागला. "तिचा गाणा आता मला नुसता भुणभुण लागतो रं. मी बेस हाय बोलतो आन् ती हासत लग्नाला जाते. तिला कळला तर ती कोणाला म्हणून दावील?"

मी त्याला शिवी दिली आणि चहा सांगितला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रेक्झिनच्या वासाने आलं असं मी कोणालाही सांगायला तयार होतो.

त्याच सुमारास कासगावच्या अनंताने त्याच्या वारलेल्या बापाची सुझुकी आणली. पोराच्या हातात पैसे नव्हते, म्हणून दुसरं कोणी ती दुरुस्तीला घ्यायलाच तयार नव्हतं. त्याला आसनगावला नवीन काम लागलं होतं आणि आजारी आईला दर आठवड्याला मुरबाडला दाखवायला न्यायचं होतं. इंजिनात उंदरांनी घर केलं होतं. कमळूने अख्खा हिवाळा त्या गाडीत घातला. सीट मी करून दिली, फुकट, आणि वर चार शब्द ऐकवून.

गाडी जोडून झाली त्या दिवशी तो मला म्हणाला, "महिपतदादा, ही जर का घाटात बसली तर मी पत्रे काढतो. भिवंडीच्या गोदामात हमाली हाय. तिथं कान नाय लागत."

तो चेष्टा करत नव्हता. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो.

दुपारची वेळ होती. अनंता आला, त्याच्या मागे नाक्यावरचे रिकामटेकडे आले. कमळू तोंडघशी पडतो की काय हे बघायला येणारेही त्यात होतेच. तेवढ्यात मालू जेवणाचा डबा घेऊन आली आणि खांबाला टेकून बसली. कमळूने किक मारली. गाडी चालू झाली. त्याने डोळे मिटले, हात वर केला, सगळे गप्प झाले.

त्याने स्क्रू फिरवला. किणकिण मला ऐकू येत होती. माझ्यासारख्या टेलरला ऐकू येत होती. कमळूच्या कपाळावर घाम आला होता आणि तो स्क्रू नेमका उलट्या बाजूला नेत होता. आवाज आणखी बारीक झाला. कोणीतरी मागे खुसकन हसलं. ओरडून सांगावं तर सगळ्या नाक्यासमोर त्याची अब्रू जाणार, आणि गप्प बसावं तर गाडी जाणार. मी तसाच कात्री धरून उभा.

मालू उठली. डबा तिथेच ठेवला, पदर खोचला आणि चालत जाऊन गाडीच्या पलीकडे, अगदी कमळूच्या समोर उभी राहिली. त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने डोळे उघडले.

मग तिने हात वर केला. तळवा उघडा, मांडवात बायकांना सूर दाखवतात तसा. तिने हात हळूहळू खाली आणला आणि कमळूकडे बघितलं. तो नुसता बघत राहिला. तिने पुन्हा हात खाली आणला, जरा रागानेच. तेव्हा त्याने स्क्रू उलटा घेतला. किणकिण कमी झाली. तिचा हात आणखी खाली आला, त्याने आणखी फिरवला. गाडी जराशी घोगरी झाली, तसा तिने हात थोडा वर घेतला. त्याने थोडं परत आणलं. शेवटी तिचा हात छातीपाशी थांबला आणि स्थिर राहिला. गाडी एका सुरात चालत होती.

"बास," ती म्हणाली. त्याला ते ऐकू आलं नसणार, पण तो थांबला.

नाक्यावर कोणी हसलं नाही. एकाने "बायकोच्या हातावर गाडी लावतो व्हय" असं म्हणायला तोंड उघडलं होतं. माझ्या हातात कात्री होती. त्याने ते बंद केलं.

अनंता लगेच गाडी घेऊन निघाला. टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या चढावर जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. कमळू आणि मालू बाकड्यावर बसून राहिले. कोणी जेवलं नाही. मी एकच शिवण तीनदा घातली. ऊन उतरायला लागलं तेव्हा सरळगावच्या बाजूने तो आवाज आला. मालूने मान वर केली, आणि तिच्याकडे बघून कमळूने. अनंता उतरला, कमळूच्या पाया पडला आणि मग मालूच्या.

गर्दी पांगली तेव्हा डबा उघडला. मीही ताडपत्रीखालून माझी भाकरी घेऊन गेलो.

कमळूने तिला विचारलं, "तुला कवा कळला?"

मालू माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "दादा, दोन वर्सं झाली. हळदीचा धवळा म्हणायचा सोडून मी याला लावणीतला गाणा म्हणून दावला, भात लावताना म्हणतो तो. हा बोलतो, बेस हाय."

"मग बोलली का नाहीस गो?" मी विचारलं.

"तो दडवत होता. त्याला वाटत होता मला सुख हाय. मी कशाला मोडू?" तिने भाकरीचा तुकडा मोडला. "पण दादा, तू वरडून इचार त्याला. त्याच्या आधी इतकी वर्सं बेस हाय बोलला, तो तरी ऐकून बोलला का?"

नवरा-बायकोतलं असलं बोलणं भर नाक्यात ओरडून सांगायची पाळी माझ्यावर यावी! पण ओरडलो. कमळूच्या कानाशी तोंड नेऊन, शब्दन् शब्द. मुरबाडच्या जीपमधले लोक वळून बघायला लागले.

कमळूने मालूकडे बघितलं.

"आधीचा सगळा ऐकलेला हाय," तो म्हणाला. "तो अजून ऐकू येतो. आता तर मधी गाडीची किणकिण पण येत नाय."