पालकांची सही

अंधेरीच्या एका खासगी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं कायदा विभाग सांभाळते. डॉक्टर पेशंटला वाचवतात आणि मी डॉक्टरांना, असं मुलुंडला घरी आलेल्या पाहुण्यांना मी हसत हसत सांगायचे. आता सांगत नाही.

आमच्याकडे लहान मुलांच्या हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टर होत्या. एके दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "अगं, एक संमतीपत्र करून दे. पेशंट चौदा वर्षांचा आहे. जन्माने मुलगी, पण कळायला लागल्यापासून स्वतःला मुलगा म्हणतो. दीड वर्ष मानसोपचारतज्ज्ञांकडे जातोय. वयात येणं काही काळ थांबवणारं इंजेक्शन द्यायचंय, दर तीन महिन्यांनी."

अशा उपचारांत डॉक्टरची जबाबदारी कुठवर, हे नेमकं सांगणारा कायदा मी शोधला. मला सापडला नाही. मग ऑपरेशनचं जुनं संमतीपत्र काढलं, मधले परिच्छेद बदलले आणि खाली छापलं : पालकांची सही.

मुलाची आई मरोळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायची. नवऱ्यापासून सहा वर्षं वेगळी राहत होती. तिने माझा कागद पेन्सिल घेऊन वाचला, दोन वेलांट्या सुधारल्या आणि विचारलं, "मॅडम, पालक म्हणजे एक की दोघं? यावरून कळत नाही."

"मूल तुमच्याजवळ असतं ना? मग तुमची सही पुरे," मी म्हटलं. मला जेवायला जायचं होतं.

चार इंजेक्शनं झाली. एकदा लिफ्टपाशी तो मुलगा भेटला. बारीक केस कापलेले, खांद्यावर शाळेचं दप्तर. "तुम्ही कागद केलात ना? थँक्यू हां," म्हणाला. वर्षभर घरात बसलेला मुलगा पुन्हा शाळेत जायला लागलाय, एवढं त्याच्या आईने मला सांगितलं होतं.

पाचव्या इंजेक्शनच्या आठवडाभर आधी नाशिकहून त्याच्या वडिलांच्या वकिलाची नोटीस आली. तीत लिहिलं होतं : माझ्या मुलीवर मला न विचारता उपचार केले, पुढे जे काही नुकसान होईल त्याला डॉक्टर आणि हॉस्पिटल जबाबदार.

बैठक बसली. एका विश्वस्तांनी मोबाइलवरची परदेशातली बातमी वाचून दाखवली. मूल मोठं झाल्यावर डॉक्टरवर दावा लावू शकेल, असा काहीतरी कायदा तिकडे झाला होता.

"आपल्याकडे आला तर?" त्यांनी विचारलं.

"अजून तरी नाही," मी म्हटलं.

"यायची वाट बघत बसायचं का? आणि एकच सही पुरे, हे ठरवलं कोणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उपचार योग्य की अयोग्य, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण त्या टेबलाभोवती तो प्रश्न कोणी काढलाच नाही. माझी नोकरी जायची वेळ आली होती. मी म्हटलं, "सर, मी संध्याकाळपर्यंत परिपत्रक काढते." अठरा वर्षांखालील कोणालाही हे उपचार मिळणार नाहीत, चालू असलेले तत्काळ बंद. दीड पानात सगळं बसलं.

डॉक्टरबाई कागद हातात घेऊनच माझ्या केबिनमध्ये शिरल्या. "इंजेक्शन थांबलं की काही महिन्यांत त्याची पाळी सुरू होईल. कळतंय का तुला? दिल्याची जबाबदारी माझी, मान्य. मग मध्येच थांबवल्याची कोणाची?"

"थांबवल्याबद्दल नोटीस आलेली नाही," मी म्हटलं. हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. त्या कागद माझ्या टेबलावर ठेवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मायलेक आले. आई उभीच राहिली. "मी विचारलं होतं तुम्हाला. एक की दोघं."

"हो."

"मग चूक तुमची, आणि भोगायचं यानं?"

मी वरिष्ठांचा निर्णय, नियम, असं काहीबाही बोलत राहिले. मुलगा मध्येच म्हणाला, "आई, चल ना. यांना काय विचारतेस?" त्याच्या आवाजात रागही नव्हता. तो मोठ्या माणसासारखा कंटाळला होता.

वडिलांनी पुढे काहीच केलं नाही. माझं उत्तर गेलं, तिकडून ना दावा आला, ना पत्र. फोनसुद्धा नाही. परिपत्रक मात्र राहिलं. डॉक्टरबाईंनी चार महिन्यांनी राजीनामा दिला. त्या साली माझ्या कामाच्या अहवालात "संस्थेवरील मोठा धोका टाळला" असं लिहून आलं.

परवा घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनात ती आई दिसली. मी स्वतःहून पुढे गेले. मुलगा एकोणीसचा झाला होता. इंजेक्शन बंद झाल्यावर त्याने शाळा सोडली, दहावी दोन वर्षांनी बाहेरून दिली, आता तो दुसऱ्या शहरात असतो, एवढं तिने तुटक तुटक सांगितलं.

"बरा आहे ना?" मी विचारलं.

तिने पर्सची चेन लावली. "कशासाठी हवंय? फायलीत लावायला?"

ती सरकत्या जिन्यावर चढली. मलाही त्याच बाजूला जायचं होतं. मी मागे थांबले आणि तिची गाडी जाऊ दिली.