कोऱ्या रकान्यातले वडील

सिस्टर प्रसूतिकक्षातून निवृत्त झाल्या आणि लगेच त्यांनी हे काम पत्करले. जुन्या अनाथाश्रमांतील दाखल-नोंदींची छायाचित्रे संगणकावर उघडायची, आणि फिकट शाईतून मुलाचे व आईबापांचे नाव वाचून ते सूचीत भरायचे. आपले पूर्वज शोधणाऱ्या कुणालाही ती सूची पाहता यावी, एवढाच हेतू. मोबदला नव्हता आणि कुणी तो मागितलाही नव्हता.

विधवा नणंद त्यांच्याजवळच राहत असे. शिवणकामात डोळे गेले अशी तिची कायमची तक्रार, तरी तीही या कामाला बसली. पद्धत अशी की एकच पान दोघांनी परस्परांना न विचारता भरायचे. फरक आढळला तर तिसऱ्याने मूळ पान पाहून निवाडा करायचा. त्यामुळे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून या दोघी पान पुरे होईपर्यंत त्याविषयी अवाक्षर काढत नसत. मग स्वयंपाकघरात त्यावरून कडाक्याचे वाद होत. एका नियमाबद्दल मात्र वाद नव्हता: कारकुनाने जे कोरे सोडले आहे, ते कोरेच ठेवायचे.

पुढे हे काम चालवणाऱ्या संस्थेने कळवले की यापुढे यंत्र वाचेल. स्वयंसेवकांनी फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच दाबायचे. ते यंत्र या स्वयंसेवकांच्याच वाचनावर पोसले गेले होते. त्यासाठी त्यांची संमती घेणे तर दूरच, त्यांना सांगण्याचे सौजन्यही कुणी दाखवले नाही. सिस्टरांनी तेही गिळले. काम लवकर उरकेल, असे त्या म्हणाल्या.

नंतर ते पान आले. पहिल्या ओळीतील मुलाचा बाप सुतार होता, त्याचे नाव स्पष्ट होते. खालची सगळी मुले दारात ठेवलेली. त्यांच्या बापाचा रकाना कोरा. यंत्राने कोऱ्या जागेचा अर्थ ‘वरीलप्रमाणे’ असा लावला आणि पानभर त्या सुताराचे नाव भरले.

“वहिनी, या माणसाला करवत हातात धरायला वेळ कधी मिळायचा हो?” नणंदेने विचारले.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक ओळीला ‘चूक’ दाबले. दुसऱ्या दिवशी त्यांची विश्वासार्हता घटल्याचे पडद्यावर दिसले, कारण ती यंत्राशी होणाऱ्या सहमतीवरून मोजली जात होती. ज्याची तपासणी करायची, त्यालाच परीक्षक नेमण्याची ही व्यवस्था होती.

त्यांनी संस्थेच्या समन्वयकाला फोन लावला. तो मुलगा नम्र होता. त्याने सांगितले की पान मंजूर झाले आहे, आणि कोरी नोंद शोधात सापडतच नाही.

“काकू, लोकांना नाव हवं असतं.”

“हवं असतं म्हणून कुणाचंही द्यायचं? आईनं बापाचं नाव सांगितलं नाही, तर आम्ही वॉर्डात शेजारच्या खाटेवरचं लिहीत नव्हतो.”

तो वर विचारून सांगतो म्हणाला. उत्तर आले नाही. सिस्टरांचा या कामातला प्रवेश तेवढा बंद झाला. सूची प्रसिद्ध झाली.

काही दिवसांनी संस्थेच्या संकेतस्थळावर एका बाईंनी आनंदाने लिहिले: आजीचे वडील अखेर सापडले, ते सुतार होते, आता सारे कुटुंब त्यांच्या गावी जाणार. सोबत आजीची नोंद होती. ती त्याच पानावरची होती.

सिस्टरांनी उत्तर लिहायला घेतले, तेव्हा नणंद म्हणाली, त्या बाईचं सुख कशाला ओरबाडता? सिस्टर म्हणाल्या की ते सुख आपण दिलेले नाही आणि ज्यांनी दिले ते ही जबाबदारी घेणार नाहीत. त्यांनी लिहिले की मूळ पानावर तुमच्या आजीच्या वडिलांची जागा कोरी आहे. कृपया सोबतचे छायाचित्र स्वतः पाहा.

बाईंनी सूचीचा हवाला दिला. संस्थेने प्रमाणित केलेली नोंद खोटी म्हणणाऱ्या तुम्ही कोण, असे त्यांनी विचारले.

सिस्टरांच्या नावापुढे आता ‘पाहुणा’ एवढेच उमटत होते. त्यांनी त्या पानाचे छायाचित्र पुन्हा जोडले आणि पाठवले.